जेजुरीचा पिवळा, शालूचा लाल आणि फुकटातलं डेव्हिंची रिझॉल्व्ह

स्वस्त कॅमेऱ्यावरचं फुटेज फिकट, धुवट दिसतंय म्हणून नवा कॅमेरा बघायला निघाला असाल, तर आधी डेव्हिंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंग आणि रंगकामाच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती डाउनलोड करा आणि तिच्या कलर पेजवर, म्हणजे रंगकामाच्या पानावर, महिनाभर बसा. माझ्याकडे शूटिंगला मदतीला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी हेच सांगते.

मी सासवडला राहते. लग्नं, साखरपुडे, डोहाळजेवणं शूट करते आणि मधल्या वेळात जेजुरीच्या वाघ्या-मुरळींवर एक माहितीपट करतेय. कॅमेरा कॅनन २००डी मार्क टू, लेन्स ५० एमएम आणि किटमधली १८-५५. संगणक रायझन ५, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० कार्ड. या सामानावर रिझॉल्व्ह रंगाचं काय करतं आणि कुठे अडतं, तेवढंच इथे लिहितेय. एडिटिंग, साउंड, फ्यूजन (इफेक्ट्सचा भाग) हे सगळं त्यात आहे, पण त्यावर बोलणारे भरपूर आहेत.

थोडी पार्श्वभूमी. डेव्हिंची ही मुळात अमेरिकेतल्या फ्लोरिडामधल्या कंपनीची कलर करेक्शनची यंत्रणा. लाखो डॉलर किमतीची, त्यामुळे मोठ्या पोस्ट स्टुडिओंतच असायची. ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक डिझाइनने २००९ मध्ये ती कंपनी विकत घेतली, पुढच्याच वर्षी नुसतं सॉफ्टवेअर ९९५ डॉलरला काढलं आणि २०११ मध्ये फुकट आवृत्तीही आणली. आज जे कलर व्हील्स, कर्व्ह्ज, क्वालिफायर (ठरावीक रंग निवडण्याचं साधन) आणि नोड (रंगकामाची एकेक पायरी) आपल्याला एक पैसाही न देता मिळतात, त्यांचं घराणं हे आहे. म्हणून मी हे सॉफ्टवेअर ‘फुकट आहे तर चालवून घेऊ’ अशा भावनेने वापरत नाही.

आता मुद्द्यावर येते. सोमवती अमावस्येला जेजुरीची पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला निघते तेव्हा गडावर भंडारा उधळतात. हवेत, फरशीवर, दीपमाळांवर, माणसांच्या भुवयांत, सगळीकडे हळद. डोळ्याला त्यात कितीतरी पिवळे दिसतात. उन्हातला झगझगीत, सावलीतला तांबूस, घामाने भिजून गडद झालेला, पायाखाली तुडवून मातकट झालेला. हेच दृश्य कॅमेऱ्याच्या ‘स्टँडर्ड’ पिक्चर स्टाइलवर शूट केलं की फुटेजमध्ये उरतो एक सपाट लिंबूपिवळा पट्टा.

असं का होतं ते रिझॉल्व्हच्या परेड स्कोपवर एका नजरेत कळतं. लाल, हिरवा, निळा असे तीन आलेख शेजारी शेजारी, ० ते १०२३ च्या मापावर. भंडाऱ्याच्या शॉटमध्ये लाल वर टेकून आडवा पडलेला असतो, हिरवा त्याच्या खालोखाल, निळा तळाशी. लाल एकदा छताला लागला की त्याला पुढे जागा नाही, पण हिरवा चढतच राहतो, आणि हळदीचा पिवळा लिंबाकडे सरकतो. छताला चिकटलेल्या लाल चॅनलमध्ये तपशील शिल्लकच नसतो. तो कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. म्हणजे रंगाची निम्मी लढाई गडावरच जिंकायची असते.

माझी सेटिंग्ज सांगते. पिक्चर स्टाइल न्यूट्रल, कॉन्ट्रास्ट अगदी खाली, सॅच्युरेशन दोन घरं खाली, शार्पनेस शून्य. एक्स्पोजर कॅमेरा सांगतो त्याहून पाऊण ते एक स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). शूट सुरू करण्याआधी त्याच सेटिंगवर एक फोटो काढायचा आणि प्लेबॅकमध्ये आरजीबी हिस्टोग्राम, म्हणजे लाल, हिरवा, निळा यांचे वेगवेगळे आलेख, बघायचा. साध्या ब्राइटनेस हिस्टोग्रामवर सगळं ठीक दिसत असतं आणि लाल मात्र उजव्या भिंतीला आपटलेला असतो. हा फोटो काढायला पाच सेकंद लागतात आणि घरी आल्यावरचा डोकेदुखीचा एक अख्खा दिवस वाचतो.

बरेच जण सांगतात, एकदम फ्लॅट प्रोफाइल (फार कमी कॉन्ट्रास्टचं, फिकट सेटिंग) टाका. टेक्निकलरने २०११ मध्ये कॅनन कॅमेऱ्यांसाठी दिलेली सिनेस्टाइल अजूनही फिरत असते. आमच्यासारख्या ८-बिट कॅमेऱ्यावर मी ती वापरत नाही. ८-बिट म्हणजे प्रत्येक चॅनलला फक्त २५६ पायऱ्या. १०-बिटला १०२४ असतात. फ्लॅट प्रोफाइलमध्ये सगळं चित्र मधल्या थोड्या पायऱ्यांमध्ये दाबून बसवलं जातं, आणि ग्रेडिंगमध्ये (रंगकामात) ते पुन्हा ताणलं की पावसाआधीच्या करड्या आभाळात पट्टे दिसायला लागतात. न्यूट्रल आणि कमी कॉन्ट्रास्ट हा मधला रस्ता आहे, आणि तो पुरतो.

रंगाच्या बाबतीत दुसरी कमतरता ४:२:० ची. या कॅमेऱ्यात प्रत्येक पिक्सेलचा उजेड नोंदवला जातो, पण रंगाची नोंद चार पिक्सेल मिळून एकच. त्यामुळे रिझॉल्व्हमध्ये क्वालिफायरने भंडारा निवडायला गेलं की कडा पायऱ्यापायऱ्यांच्या येतात. यावर एक उपाय आहे आणि तो फार थोडे लोक करतात: ४के मध्ये शूट करायचं आणि टाइमलाइन १०८० ची ठेवायची. ४के मध्ये रंगाच्या नोंदी १९२० बाय १०८० इतक्या असतात, म्हणजे १०८० च्या टाइमलाइनवर प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो. कडा लगेच सुधारतात. माझ्या कॅमेऱ्यात ४के ला फ्रेम बरीच कापली जाते आणि ऑटोफोकस मंदावतो, म्हणून पळापळीच्या शॉटला मी १०८० वरच राहते. मुरळीची मुलाखत, हातातल्या घोळाचा (घंटेचा) क्लोजअप, कोटम्यात (भिक्षापात्रात) पडणारी नाणी, असे स्थिर शॉट मात्र ४के मध्ये.

आता रिझॉल्व्ह. क्लिप उघडली की बहुतेक जणांचा हात आधी सॅच्युरेशनकडे जातो. तो पन्नासवर असतो, तो सत्तर करतात आणि रंग ‘भरले’ असं समजतात. डाळ पातळ झाली म्हणून मीठ वाढवावं तसं ते आहे. चव भडक होते, डाळ घट्ट होत नाही. रंग भरदार दिसतो तो काळा जागेवर बसल्यावर. माझ्या पहिल्या नोडमध्ये सॅच्युरेशनला हातच नसतो. लिफ्ट (गडद भागांचं चाक) खाली आणून सगळ्यात गडद भाग वेव्हफॉर्मवर (उजेडाच्या आलेखावर) शून्याच्या जरा वर बसवायचा. मग परेडमध्ये तिन्ही चॅनलचे तळ एका रेषेत आणायचे. गडाच्या काळ्या दगडात निळसर झाक असेल तर ती इथेच निघते, आणि दगड खरा काळा झाला की त्याच्यावर पडलेला पिवळा आपोआप दुप्पट पिवळा वाटतो. मग कॉन्ट्रास्ट थोडा वाढवायचा आणि पिव्हट (ज्या बिंदूभोवती कॉन्ट्रास्ट वाढतो तो) खाली-वर करून चेहरे कुठे बसतात ते बघायचं. पुष्कळदा इथेच निम्मं काम झालेलं असतं.

रंगाची घनता वाढवायला मी जे करते ते जरा सावकाश सांगते, कारण सगळ्यात जास्त फरक यानेच पडला. नवीन नोड घ्या. त्यावर राइट क्लिक करून कलर स्पेस एचएसव्ही (रंगछटा, सॅच्युरेशन आणि उजेड असे तीन चॅनल) करा. पुन्हा राइट क्लिक करून चॅनल्समध्ये १ आणि ३ बंद करा, फक्त २ चालू ठेवा. आता गेनचं चाक १.०० वरून हळूहळू १.१५, १.२० पर्यंत न्या. हा चॅनल दोन म्हणजे सॅच्युरेशनच, पण वागतो वेगळा. नेहमीचा सॅच्युरेशन एकूण उजेड तेवढाच ठेवायला बघतो, त्यामुळे रंग वाढवताना वरचा चॅनल आणखी वर ढकलतो, आणि आपल्या भंडाऱ्याचा लाल तर आधीच छताजवळ आहे. एचएसव्हीमध्ये वरचा चॅनल जागेवर राहतो आणि बाकीचे खाली येतात. रंग गडद होतो, जड होतो, पण पेटत नाही. फिकट झालेल्या उडत्या भंडाऱ्यावर आणि मुरळीच्या हिरव्या लुगड्यावर हा नोड चालू-बंद करून बघा. मला वेगळं पटवून द्यावं लागणार नाही.

त्यानंतर कर्व्ह्ज. ह्यू व्हर्सेस ह्यू मध्ये (ह्यू म्हणजे रंगछटा) पिवळा किंचित नारिंगीकडे ओढला की लिंबाची हळद होते. दोन-चार अंशांचंच काम आहे. ह्यू व्हर्सेस लम (लम म्हणजे उजेड) मात्र जपून. रंगाचा उजेड खाली आणायला तो मोहात पाडतो, पण ८-बिट ४:२:० फुटेजवर त्याच्याने ठोकळे आणि दाणे लगेच वर येतात. निवड रुंद ठेवायची, उतार हळुवार ठेवायचा आणि चित्र १००% झूम करून बघायचं. छोट्या व्ह्यूअरमध्ये सुंदर दिसलेलं टीव्हीवर फाटलेलं निघतं. सॅट व्हर्सेस सॅट हा माझा लाडका कर्व्ह: आधीच भडक असलेलं दाबायचं आणि मधलं उचलायचं. लग्नातल्या फ्लुरोसंट गुलाबी फेट्यांना तोच आवरतो.

त्वचेबद्दल मला जरा ठामपणे बोलायचंय. ‘मुलगी गोरी दिसली पाहिजे’ ही मागणी अजून येते आणि पुष्कळ जण गॅमा (मधल्या उजेडाचं चाक) उचलून ती पुरीही करतात. सावळा किंवा गव्हाळ चेहरा उचलला की त्यातला तांबूसपणा जातो आणि राखाडी पीठ फासल्यासारखं होतं. शेजारी नथीतले मोती आणि मुंडावळ्या पांढऱ्या फटक. मी ते करत नाही, आणि नवरीच्या आईला शेजारी बसवून दोन्ही फ्रेम दाखवते. त्यांना स्वतःलाच न उजळलेली आवडते. रिझॉल्व्हच्या व्हेक्टरस्कोपमध्ये (रंगछटा आणि घनता दाखवणाऱ्या गोल आलेखात) स्किन टोन इंडिकेटर नावाची रेष चालू करता येते. माणूस गोरा असो की काळा, त्वचेचा रंग साधारण त्या रेषेच्या आसपासच पडतो. फरक असतो तो उजेडाचा आणि घनतेचा. सावळ्या चेहऱ्याला उजेड कमी आणि घनता पूर्ण द्या, पॉवर विंडोने (चित्राचा एक भाग वेगळा करणाऱ्या आकाराने) चेहऱ्याभोवतीचं जरा उतरवा, चेहरा आपोआप पुढे येतो. हलणाऱ्या चेहऱ्यामागे विंडो नेणारा ट्रॅकर फुकट आवृत्तीतही आहे आणि फार चांगला आहे.

एक सावधगिरी: हळदीच्या कार्यक्रमात चेहऱ्याला ती रेष लावू नका. चेहऱ्यावर खरोखर हळद आहे, ती पिवळीच दिसायला हवी. मी त्या वेळी हळद न लागलेला भाग, बहुतेक वेळा कानामागची मान किंवा करवलीचा हात, निवडून त्यावर रेष तपासते. नाहीतर हळद पुसून टाकलेली नवरी तयार होते.

उजेडाचं बोलल्याशिवाय शालूचा लाल सुटत नाही. मंगल कार्यालयात स्टेजवर पिवळे हॅलोजन, छताला पांढरे एलईडी, खिडकीतून दुपारचं ऊन आणि कडेला जांभळे पार दिवे. कुठलाही व्हाइट बॅलन्स चारही उजेडांना एकदम बरोबर पडणार नाही. मी विधी सुरू होण्याआधी डेकोरेशनवाल्या दादांना गाठून जांभळे पार तेवढे बंद करून घेते, नवरी बसणार त्या पाटावर ग्रे कार्ड धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घेते, आणि माझा एक एलईडी तिथे लावते. तो एलईडी घेताना पेटीवरच्या सीआरआयच्या (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याच्या) आकड्यावर थांबू नका. सीआरआय ही पहिल्या आठ नमुना रंगांची सरासरी असते, आणि ते आठही फिकट आहेत. गडद लाल, ज्याला आर९ म्हणतात, तो त्या सरासरीत धरतच नाहीत. सीआरआय ८० च्या पुढे असलेल्या दिव्याचाही आर९ अगदी कमी असू शकतो. अशा दिव्याखाली कुंकू आणि शालू विटकरी दिसतात आणि रिझॉल्व्हमध्ये कितीही ओढलं तरी तो लाल ताजा होत नाही, कारण दिव्यात लाल उजेडच नव्हता. दुकानदाराला आर९ विचारा. त्याला सांगता आला नाही तर दुसरं दुकान बघा.

इंटरनेटवर ‘सिनेमॅटिक’ नावाने विकले जाणारे लट (रंगबदलाच्या तयार फाइली, LUT) पॅक मी घेऊ नका म्हणेन. प्रत्येक लट कुठल्या तरी ठरावीक कॅमेऱ्याच्या ठरावीक लॉग (मुद्दाम फिकट, सपाट नोंदवलेल्या) फुटेजसाठी बनवलेला असतो. न्यूट्रलवर शूट केलेल्या क्लिपला तो लावला की काळे गिळले जातात, कातडी केशरी होते आणि हिरवी झाडं निळसर. पुरंदरच्या उन्हाळ्याला मुळातच एक सुंदर तांबूस, कोरडा रंग आहे. तो टील-ऑरेंजमध्ये (निळसर-केशरीत) बुडवायचा कशाला?

आता जिथे हे सॉफ्टवेअर त्रास देतं ते. प्रोजेक्ट साध्या फाइलमध्ये सेव्ह होत नाही, डेटाबेसमध्ये जातो. त्यामुळे विंडोज नव्याने टाकताना लोकांचं काम गेल्याचं मी ऐकलंय. दर कामाच्या शेवटी प्रोजेक्ट एक्स्पोर्ट करून डीआरपी फाइल वेगळ्या डिस्कवर ठेवा. चार जीबीच्या ग्राफिक्स कार्डवर नोड वाढले की जीपीयूची मेमरी भरल्याचा निरोप येतो. टाइमलाइन १०८० ठेवा आणि प्रॉक्सी (क्लिपच्या हलक्या प्रती) बनवा, मग चालतं. विंडोजवर फुकट आवृत्ती १०-बिट ४:२:२ एच.२६५ फाइली उघडत नाही, तेव्हा उद्या महागडा कॅमेरा घेणार असाल तर हे आधी लक्षात घ्या. एक्स्पोर्टची मर्यादा ३८४० बाय २१६० आणि ६० फ्रेम. आपल्याला ती पुरून उरते. उलट यूट्यूबसाठी मी १०८० चं कामही ४के मध्येच एक्स्पोर्ट करते, कारण ४के फाइलला यूट्यूब जास्त डेटा देतं आणि गडद लाल-पिवळ्याचे ठोकळे कमी होतात. व्हॉट्सअॅपवर पाठवायची असेल तर फाइल डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा. शिकण्यासाठी मॅन्युअल फुकट आहे, तीन हजारांहून जास्त पानांचं. सगळं वाचायची गरज नाही, कलर पेजचे भाग पुरे.

सगळ्यात मोठी उणीव नॉइज रिडक्शनची, म्हणजे कमी उजेडातले दाणे काढण्याची. ते फक्त विकतच्या स्टुडिओ आवृत्तीत आहे, आणि फिल्म ग्रेनचा (फिल्मसारख्या बारीक दाण्यांचा) इफेक्टही तसाच. फुकट आवृत्तीत लावला तर चित्रावर वॉटरमार्क येतो. ग्रेनची सोय मी वेगळ्या ग्रेन क्लिपने करते, वरच्या ट्रॅकवर ओव्हरले मोडमध्ये, अगदी कमी ओपॅसिटीवर. त्याने आभाळातले पट्टेही मोडतात. नॉइजला मात्र असा पर्याय नाही. जागरणाच्या रात्री दिवटीच्या उजेडात, आयएसओ ३२०० वर शूट केलेल्या क्लिपमध्ये सावल्यांत लाल-निळे दाणे वळवळतात, आणि घनतेचा नोड लावला की तेही गडद होतात. सध्या लम व्हर्सेस सॅट कर्व्हने सगळ्यात गडद भागातला रंग काढून टाकते. दाणे करडे होतात आणि डोळ्याला कमी खुपतात, पण दिवटीभोवतीच्या अंधाराची ऊबही त्याबरोबर जाते. स्टुडिओची किंमत २९५ डॉलर आहे, एकदाच भरायचे, दरमहा काही नाही. लग्नाचंच काम करत असाल तर घाई करू नका. माझा माहितीपट अर्धा रात्रीचा आहे, त्यामुळे या सीझनच्या पैशातून मी ती घेणार आहे, आणि टेम्पोरल (आजूबाजूच्या फ्रेम बघून दाणे काढणारं) नॉइज रिडक्शन अगदी पहिल्या नोडवर लावणार आहे, रंगाला हात लावायच्या आधी.